शहाळं न फोडता: पृथ्वीच्या पोटातल्या सीमा कशा शोधतात

शहाळेवाला कोयता उचलण्याआधी फळावर दोन टिचक्या मारतो. आत नुसतं पाणी आहे, मलई धरली आहे की खोबरं झालंय, ते त्याला आवाजावरून कळतं. क्वचित चुकतोही, पण मग तो फळ फोडून खात्री करून घेऊ शकतो.

पृथ्वीच्या बाबतीत हा कोयताच नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक १९८९ साली १२,२६२ मीटरवर पोचलं आणि तिथेच अडलं. तळाशी साधारण १०० अंश सेल्सिअस तापमान असेल असा अंदाज होता, निघालं १८०. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे एवढा खटाटोप करून आपण ०.२ टक्के आत गेलो. आपल्या जवळचं उदाहरण कोयनेचं. धरणाच्या परिसरात गोठणे गावाजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटरचं भोक घेतलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. ही माहिती मोलाची आहे, पण शहाळ्याच्या हिशेबात हा सालीवरचा नखाचा ओरखडा.

मग उरतं ठोकून ऐकणं. ठोकायचं काम भूकंप करतात, ऐकायचं काम भूकंपमापक. शाळेच्या पुस्तकातलं भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा हे चित्र अशा ऐकण्यातूनच आलं. फक्त त्या चित्रातल्या रेघा सगळ्या एकाच जाडीच्या आणि एकाच शाईच्या असतात, आणि खरी गफलत तिथे आहे. प्रत्यक्षात एक रेघ सुरीने कापल्यासारखी, एक पुसट, एक उंचसखल, तर एक काही भागांत आहे आणि काही भागांत सापडतच नाही. खोल पृथ्वीवरचं आजचं बरंचसं संशोधन या रेघांभोवती फिरतं. रेघ किती खोल, किती जाड, सपाट की खडबडीत, आणि मुळात ती का पडली?

सड्यावरची विहीर

रत्नागिरीकडे सड्यावर विहीर खणली की वर कठीण जांभा लागतो, ज्याचे चिरे काढतात. खाली तो मऊ होत जातो, मग पांढरट-गुलाबी चिकट माती, मग कुजलेला दगड आणि शेवटी काळा कातळ. जांभा नेमका किती फुटांवर संपला, असं विचारलं तर खणणारा एक आकडा सांगणार नाही. ‘बारापासून अठरापर्यंत बदलत गेला’ असं सांगेल. तेच पुळणीवर वाळू उकरत गेलात आणि खाली कातळ लागला, तर सीमा बोटाने दाखवता येते. एक सीमा सावकाश बदलणारी, दुसरी तडक.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. वाळू आणि कातळ या वेगळ्या वस्तू. पण थंडीच्या दिवसांत बाटलीतलं खोबरेल थिजतं तेव्हा वस्तू तीच राहते, आतली मांडणी बदलते. अशी सीमा तापमानाबरोबर सरकते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, वाळू मात्र कितीही थंडी पडली तरी कातळ होत नाही. पृथ्वीच्या पोटात दोन्ही जातींच्या सीमा आहेत. समोरची सीमा कुठल्या जातीची, यावर पुढचा सगळा अर्थ ठरतो.

लहरीची लांबी आणि तांडेलाचं यंत्र

भूकंपातून मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या आतून जातात. पी लहर दाब-ताणाची, वेगवान, घनातून आणि द्रवातून जाणारी. एस लहर आडव्या हिसक्याची, सावकाश आणि फक्त घनातून जाणारी. या दोन्ही एकाच नोंदीत वेगवेगळ्या ओळखणारा माणूस भारतात काम करत होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून हे दाखवलं. पुढे १९०६ साली लहरींना लागणाऱ्या वेळांवरून पृथ्वीला वेगळा गाभा असावा, असं मांडणारेही तेच. क्रोएशियातल्या १९०९ च्या भूकंपावरून मोहोरोविचिच यांनी भूकवचाचा तळ शोधला. गुटेनबर्ग यांनी गाभ्याची खोली २,९०० किलोमीटरच्या आसपास काढली. आजचा आकडा २,८९१, इतकं ते अचूक होतं. गाभा द्रव आहे हे १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी दाखवलं, आणि द्रवाच्या आत पुन्हा घन गोळा असल्याचं १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी.

इथे एक गैरसमज काढून टाकू. भूकवचाखाली सगळीकडे शिलारस उकळतोय असं बऱ्याच जणांना वाटतं. एस लहर प्रावरणातून खुशाल जाते, म्हणजे प्रावरण घन आहे. ते वाहतं, पण नखं वाढतात त्या वेगाने, वर्षाला काही सेंटिमीटर. तुरळ, आरवली, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे इथली गरम पाण्याची कुंडंही शिलारसाने तापत नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या खडकाच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. वरच्या भागात दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं, तेवढं त्याला पुरतं. हाच दर गाभ्यापर्यंत धरला तर तिथे सत्तर-ऐंशी हजार अंश येतील, जे अशक्य आहे. प्रावरण स्वतः ढवळलं जातं, म्हणून तिथे वाढ किलोमीटरला अर्ध्या अंशाच्याही आत असते. गाभ्याच्या सीमेवर तापमान ४,००० अंशांच्या आसपास धरलं जातं.

आता लहरीच्या लांबीकडे. मासेमारीच्या बोटीवर तांडेलाकडे जो इको साउंडर (पडसादावरून तळाची खोली सांगणारं यंत्र) असतो त्यावर बहुधा ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणून पहिल्याची लहर ३ सेंटिमीटर लांब आणि दुसऱ्याची पाऊण सेंटिमीटर. खडपावर दोन्हींत ठसठशीत रेघ उमटते. मऊ चिखलावर २०० वाला वरचाच थर दाखवतो, ५० वाला चिखलात शिरून खालचाही तळ दाखवू शकतो. तळ तोच, यंत्राच्या लहरीप्रमाणे ‘सीमा’ वेगळी दिसते.

भूकंपात हाच खेळ किलोमीटरच्या मापात चालतो. खोल प्रावरणात पी लहरीचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला, तर १ सेकंद आवर्तनाची (एका हेलकाव्याला १ सेकंद घेणारी) लहर १० किलोमीटर लांब आणि १० सेकंदांची १०० किलोमीटर लांब. ढोबळ हिशेब असा, की सीमेची जाडी लहरीच्या लांबीच्या अर्ध्याच्या पुढे गेली की परतणारा पडसाद विरत जातो. त्यामुळे एखादी सीमा लांब लहरींना दिसते आणि आखूड लहरींना दिसत नाही, तर ती हरवली असं समजायचं नाही. ती जाड आहे, एवढाच अर्थ. संशोधक मुद्दाम दोन्ही मापांनी एकच जागा तपासतात ते यासाठी.

ऐकण्याची जागा, आणि कोकणातला पावसाळा

समजा दापोली ते देवगड या पट्ट्यात कुठेतरी खोल पृथ्वीसाठी एक भूकंपमापक बसवायचा आहे. जांभ्यावर नको. जांभा सच्छिद्र, आत पोकळ्या, पावसाळ्यात पाण्याने भरणारा. त्यावर ठेवलेलं यंत्र जमिनीबरोबर डोलतं आणि ते डोलणं नोंदीत उतरतं. खणून काळ्या कातळापर्यंत जायचं आणि कातळाला घट्ट चिकटलेला, खड्ड्याच्या भिंतींना न लागणारा काँक्रीटचा ओटा घालायचा. यंत्रावर थर्मोकोलचं झाकण, कारण दिवसरात्रीच्या तापमानाने आडवे घटक (जमिनीचं आडवं हलणं मोजणारे भाग) कलतात आणि शंभर सेकंदांच्या पुढच्या लहरी त्यात बुडतात. नारळी-पोफळीच्या बागेत जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये. वाऱ्याने झाड हललं की मूळ जमीन हलवतं, शिवाय झावळ्यांखाली जीपीएसचा अँटेना उपग्रह गमावतो आणि यंत्राचं घड्याळ भरकटतं. प्रावरणात ०.१ सेकंदाची चूक म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरची चूक.

यंत्र उत्तरेकडे लावताना होकायंत्रावर विसंबणं ही हमखास चूक. दख्खनचा काळा दगड स्वतः चुंबकीय आहे, सुई काही अंश सहज फसते. दुपारच्या सावलीने किंवा दूर अंतरावरच्या दोन जीपीएस बिंदूंनी दिशा घ्यावी. दिशा दहा अंशांनी चुकली तर एका घटकातली ऊर्जा दुसऱ्यात सांडते आणि नसलेला पडसाद दिसू लागतो.

एवढं करूनही जून ते सप्टेंबर कठीणच. अरबी समुद्रातल्या लाटा समोरासमोर भिडून तळावर दाब देतात आणि जमीन सतत थरथरते. लाटांचं आवर्तन १० ते १४ सेकंदांचं असेल तर या थरथरीचं नेमकं निम्मं, ५ ते ७ सेकंदांचं. आणि आपल्याला हवे असलेले मंद पडसाद बरेचदा याच पट्ट्यात येतात. शिवाय ढगांमुळे सोलर पॅनेल बॅटरी भरत नाही, खड्ड्यात पाणी शिरतं, विजेने नोंदणीचा संच जातो. किनाऱ्यावरच्या केंद्राकडून बारा महिन्यांत आठ महिन्यांची चांगली नोंद मिळाली तर तक्रार करू नये.

रत्नागिरीची जागा मात्र नकाशावर मोठी सोयीची आहे. हिंदुकुशमध्ये २०० किलोमीटर खोलीवर वारंवार भूकंप होतात, ते इथून सुमारे २० अंशांवर. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. या अंतरावर वरच्या प्रावरणातल्या दोन सीमांना स्पर्शून आलेल्या पी लहरी काही सेकंदांच्या अंतराने एकामागोमाग पोचतात, म्हणजे एकाच भूकंपाच्या दोन-तीन ‘सुरुवाती’. घाईत पाहणारा त्यांना भूकंपाचाच गुंता समजतो. फिजीचे भूकंप सुमारे ११२ अंशांवर, म्हणजे १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात, जिथे गाभ्याची छाया पडते. सरळ पी लहर इथे पोचत नाही. त्याऐवजी गाभ्याच्या सीमेला घासून, तिच्यावरून सरपटत आलेली एक मंद लहर चौदा-पंधरा मिनिटांनी लागते. मध्य चिलीचे भूकंप १४४ अंशांच्या आसपास, जिथे गाभ्यातून वळून आलेल्या लहरी एकवटतात, जसं भिंगातून ऊन एकवटतं. तिथली नोंद साडेएकोणीस मिनिटांनी आणि अनेकदा अपेक्षेपेक्षा ठळक येते.

४१० आणि ६६०

पायाखालचं भूकवच पस्तीस-चाळीस किलोमीटरचं. त्याखाली प्रावरणात लहरींचा वेग दोनदा उडी मारतो, ४१० किलोमीटरच्या आसपास तीन-चार टक्क्यांनी आणि ६६० च्या आसपास पाच-सहा टक्क्यांनी. शाळेच्या चित्रात या दोन्ही रेघा नसतात. आमच्या मते त्या असायला हव्यात, कारण प्रावरण कसं ढवळतं याची गुरुकिल्ली इथे आहे.

दोन्ही खोबरेल जातीच्या. वरच्या प्रावरणाचं मुख्य खनिज ऑलिव्हिन, हिरवट रंगाचं. ४१० वर दाब सुमारे १४ गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या एक लाख चाळीस हजार पट. तिथे ऑलिव्हिनचे अणू दाटीने बसतात आणि वॅडस्लेआइट होतं. ५२० च्या आसपास त्याचं रिंगवुडाइट. ६६० वर, २३-२४ गिगापास्कलला, रिंगवुडाइट फुटून ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज अशी दोन खनिजं होतात. पृथ्वीवर सगळ्यात जास्त असलेल्या या ब्रिजमनाइटला २०१४ पर्यंत नाव नव्हतं, कारण नैसर्गिक नमुना हाती लागल्याशिवाय खनिजाला नाव मिळत नाही. तो शेवटी एका उल्केत सापडला.

गंमत अशी, की तापमान वाढलं तर या दोन सीमा उलट दिशांना सरकतात. गरम जागी ४१० खाली जाते, ६६० वर येते. १०० अंशांच्या फरकाने ४१० सात-आठ किलोमीटर हलते. म्हणजे दोन रेघांमधलं अंतर हेच थर्मामीटर. सरासरी अंतर २५० किलोमीटर. कमी भरलं तर तिथे प्रावरण गरम, जास्त भरलं तर थंड.

हे अंतर मोजायची पद्धत अशी. ३० ते ९० अंशांवरचे, साडेपाचच्या पुढच्या तीव्रतेचे भूकंप निवडायचे. पी लहर खालून वर येताना प्रत्येक सीमेवर तिची थोडी ऊर्जा एस होते, ती एस मागे पडते. भूकवचाच्या तळावरची एस मूळ पी नंतर साडेचार सेकंदांच्या आसपास येते (सेकंदांना आठाने गुणलं की ढोबळ खोली किलोमीटरमध्ये मिळते), ४१० वरची ४४ सेकंदांनी, ६६० वरची ६८ सेकंदांनी. नोंदीच्या आडव्या घटकातून उभा घटक गणिताने ‘भागून’ काढला की भूकंपाचा स्वतःचा आकार निघून जातो आणि सीमांचे पडसाद उरतात. ते मूळ लहरीच्या काही टक्केच असतात, गोंगाटात बुडालेले. म्हणून शेकडो भूकंपांच्या नोंदी एकावर एक रचाव्या लागतात, म्हणजे गोंगाट आपसात मिटतो आणि पडसाद टिकतो.

घोळ दोन ठिकाणी होतो. वरच्या थरांत लहर वर-खाली आपटत राहते, ते पडसाद खोल सीमेचं सोंग घेतात. दुसरं म्हणजे खोली आणि वेग यांची अदलाबदल. तांडेलाच्या यंत्रात ध्वनीचा वेग चुकीचा भरला तर सगळा तळ खोल किंवा उथळ दिसतो, तसंच इथे. वरचं प्रावरण सावकाश असेल तर दोन्ही रेघा उगाचच खोल वाटतात. म्हणून जाणते लोक ४१० ची खोली एकटी सांगत नाहीत, दोघींमधला २४ सेकंदांचा फरक सांगतात. वरची चूक त्यातून बरीचशी वजा होते.

पाण्याचा प्रश्न निराळा. वॅडस्लेआइट आणि रिंगवुडाइट आपल्या जाळीत वजनाच्या टक्का-दोन टक्के पाणी धरू शकतात. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात अडकलेला रिंगवुडाइटचा कण सापडला, त्यात सुमारे दीड टक्का पाणी होतं. यावर ‘पृथ्वीच्या पोटात महासागर’ असे मथळे झळकले. ते द्रव पाणी नाही. खनिजाच्या रचनेत गुंफलेला हायड्रोजन आहे, आणि एका कणावरून सगळा थर ओला ठरत नाही. पाणी असेल तर ४१० ची सीमा जाड व्हायला हवी, म्हणून तिच्या जाडीवर एवढं काम चालतं.

खाली बुडणाऱ्या भूपट्टांसाठी ६६० हा उंबरठा आहे. थंड पट्टातलं रिंगवुडाइट फुटायला जास्त दाब मागतं, म्हणून पट्ट तिथे काही काळ हलका राहतो आणि अडतो. जपानजवळचे काही पट्ट ६६० वर आडवे पसरलेले दिसतात. काही तर ६६० ओलांडून १,००० किलोमीटरच्या आसपास अडखळलेले वाटतात, जिथे खनिज बदलण्याचं ठोस कारण दिसत नाही. तिथे चिकटपणा वाढतो का, की अजून न ओळखलेली सीमा आहे, यावर एकमत नाही. भारत आशियाला धडकण्यापूर्वी मधे असलेल्या टेथिस समुद्राचा तळ मात्र उंबरठा ओलांडून गेला. त्याचे थंड तुकडे भारत आणि हिंदी महासागराच्या खाली, खालच्या प्रावरणात दिसतात.

दिसतात म्हणजे, लहरींच्या वेळांवरून काढलेल्या लाल-निळ्या रंगांच्या चित्रांत दिसतात. या चित्रांबद्दल सावध राहावं. निळं म्हणजे वेग सरासरीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, लाल म्हणजे तेवढाच कमी. लाल पाहून वितळलेला खडक समजू नये. आणि जिथे भूकंप-यंत्र जोड्या कमी, तिथे चित्र किरणांच्या दिशेने ओढलं जातं, ओल्या रंगावरून बोट फिरल्यासारखं. हिंदी महासागरात बेटं कमी, यंत्रं त्याहून कमी.

२,८९१ किलोमीटर: सगळ्यात मोठा उंबरठा

गाभ्याची सीमा वाळू-कातळ जातीची. वर खडक, खाली लोखंड. घनता घनसेंटिमीटरला ५.६ ग्रॅमवरून थेट ९.९ वर जाते. पायाखालचा दगड आणि वरची हवा यांच्यातला फरकही एवढा नाही. पी लहरीचा वेग १३.७ वरून ८.१ किलोमीटर होतो, एस लहर संपते. ही रेघ सुरीने कापल्यासारखी आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या लगेच वरच्या दोन-तीनशे किलोमीटरबद्दल. बुलेन यांनी १९४२ मध्ये पृथ्वीच्या थरांना अक्षरं दिली, १९४९ मध्ये त्यातल्या ‘डी’चे दोन भाग केले, आणि ‘डी डबल प्राइम’ हे रुक्ष नाव या पट्ट्याला चिकटलं ते कायमचं.

या पट्ट्याच्या माथ्यावर काही भागांत वेगाची उडी आहे, काही भागांत नाही. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की सुमारे १२० गिगापास्कलला ब्रिजमनाइटचीही मांडणी बदलते. एवढा दाब हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये नमुना दाबून आणतात. टोकाचं तोंड मिलिमीटरचा दशांश किंवा त्याहून बारीक, नमुना केसापेक्षा पातळ, आणि लेझरने तापवलेला. काही मायक्रॉनच्या अंतरात तापमान शेकडो अंश बदलतं, हिऱ्याचा कार्बन नमुन्यात शिरतो, आणि एवढ्या दाबाला टोकं फुटण्याची टांगती तलवार असतेच. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या आकड्यांनाही किलोमीटरमध्ये बोलायचं तर दहा-वीसची मोकळीक द्यावी लागते. तरी खोली जुळते, आणि ही उडी थंड भागांतच का दिसते याचं उत्तरही मिळतं.

गाभ्याला टेकून काही ठिकाणी ५ ते ४० किलोमीटर जाडीचे पातळ ठिपके आहेत, जिथे एस लहर ३० टक्क्यांपर्यंत मंदावते. हवाईखालचा असा एक ठिपका सुमारे ९०० किलोमीटर रुंद आणि २० किलोमीटर उंच निघाला. तिथे थोडा शिलारस मिसळलेला आहे की लोखंडाने जड झालेला घन खडक आहे? दोन्हींनी वेग कमी होतो. दहा सेकंदांची एस लहर इथे ७० किलोमीटर लांब असते, वीस किलोमीटरच्या ठिपक्याला ती जेमतेम ओळखते. फिजीहून सरपटत कोकणात येणारी लहर इंडोनेशियाखालच्या याच सीमेचा नमुना घेऊन येते.

त्याहून मोठं कोडं म्हणजे आफ्रिका आणि प्रशांत महासागराखालचे दोन प्रचंड ढिगारे. हजारो किलोमीटर रुंद, काही ठिकाणी हजार किलोमीटर उंच, एस लहर काही टक्क्यांनी मंद. ते नुसते गरम आहेत की वेगळ्या मालाचेही? गरम वस्तू वर यायला हवी, हे तर तळाला बसून आहेत, म्हणून जड असावेत असा एक पक्ष. त्यांच्या कडा फार तीव्र आहेत, नुसत्या उष्णतेने एवढी कड राहत नाही, हा त्याच पक्षाचा दुसरा मुद्दा. उलट पक्ष म्हणतो, की आपली चित्रं धूसर आहेत आणि अनेक वेगळे गरम स्तंभ मिळून एक ढीग भासतो. याचा निवाडा घनतेवर आहे आणि पी-एस लहरींच्या वेळा घनता थेट देत नाहीत.

इथे पुन्हा शहाळं. फार मोठ्या भूकंपानंतर सगळी पृथ्वीच घंटेसारखी घुमते. सगळ्यात सावकाश सूर ५४ मिनिटांचा, पृथ्वी लांबट-चपटी होत राहते. १९६० च्या चिली भूकंपात हे प्रथम नीट नोंदलं गेलं, २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर तर महिनोन्महिने. या सुरांत घनतेचा अंश असतो, पण त्यांची नजर हजारो किलोमीटरची. ढिगाऱ्याचा तळ आणि माथा वेगळा सांगणं कठीण. म्हणून एकच नोंद घेऊन दोन गट उलट निष्कर्षाला येतात.

कोकणाचा या ढिगाऱ्यांशी दोन धाग्यांनी संबंध लागतो. पहिला धागा पायाखालचा. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला, तेव्हा भारत आजच्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण स्रोतावर होता. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही त्याची पुढची पाऊलखूण, आणि रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. अशा थोरल्या उद्रेकांच्या मूळ जागा ढिगाऱ्यांच्या कडांवर पडतात, असं एक मत आहे. २०१२-१३ मध्ये रियुनियनभोवती समुद्रतळावर ५७ यंत्रं ठेवून त्या स्रोताचा खोलवर माग काढला, आणि सरळ खांब न दिसता झाडासारखा फांद्या फुटलेला आकार दिसला.

दुसरा धागा तर मोबाइलवर पाहता येतो. गुरुत्वाची दुरुस्ती न करणारं जीपीएस ॲप पुळणीवर उघडलं तर उंची उणे साठ मीटरच्याही खाली दाखवतं. ॲप बिघडलेलं नाही. ते पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून मोजतं, आणि आपला समुद्र खरोखर त्या आकाराच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खळगा १०६ मीटरपर्यंत जातो, जगातला सगळ्यात खोल. खाली वस्तुमान कमी, गुरुत्व कमी, म्हणून पाणी दुसरीकडे ओढलं गेलेलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये संगणकावर १४ कोटी वर्षांचं प्रावरण चालवून पाहिलं. बुडालेल्या टेथिस तळाने आफ्रिकेखालचा ढिगारा ढवळला आणि तिथला गरम, हलका माल वर-मध्य प्रावरणात आला, असं त्यांचं उत्तर.

अलिबागची सुई आणि आतला गोळा

बाह्यगाभ्यातलं द्रव लोखंड फिरतं म्हणून पृथ्वीला चुंबकत्व आहे, आणि ते ऐकण्याचं ठाणं कोकणातच आहे. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळा अलिबागला हलवली. तिथे चुंबकीय नसलेल्या मालाच्या इमारती उभारल्या आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटली नाही. त्या दोन वर्षांच्या सबुरीमुळे आज पावणेदोनशेहून जास्त वर्षांची सलग नोंद हाताशी आहे. चुंबकत्वाच्या बदलाचा वेग मधेच एखाद-दोन वर्षांत अचानक वळतो, १९६९ च्या सुमारास वळला तसा. असे झटके गाभ्यातल्या प्रवाहाची खबर देतात. मात्र वरचा चुंबकीय खडक बारीक तपशील झाकतो. गाभ्याचं चुंबकत्व ३,००० किलोमीटरपेक्षा बारीक दिसत नाही, आणि झाकणाऱ्यांत आपला काळा दगडही आहे.

५,१५० किलोमीटर खोलीवर अंतर्गाभा लागतो, १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन गोळा. त्यातून उत्तर-दक्षिण जाणारी पी लहर पूर्व-पश्चिम जाणारीपेक्षा सुमारे ३ टक्के जलद. त्याच्या आत आणखी एक निराळा गोळा असावा हे २००२ मध्ये सुचवलं गेलं, त्रिज्या सुमारे ३०० किलोमीटर. २०२३ मध्ये व्यासावरून पाच वेळा आरपार आपटलेल्या लहरी वापरून तोच आकडा ६५० वर आला. एकाच सीमेचे दोन आकडे एवढे लांब असतील, तर ती सीमा बहुधा वाळू-कातळाची नाही, सड्यावरच्या विहिरीची आहे. अंतर्गाभा बाकीच्या पृथ्वीपेक्षा पुढे फिरतो की मागे, हा वाद १९९६ पासून चालू आहे, आणि तो सेकंदाच्या दशांशांवर बेतलेला आहे.

या सगळ्यात अडचण भूगोलाची. रत्नागिरीच्या नेमकं पायाखाली, पलीकडच्या बाजूला, ईस्टर बेटाच्या उत्तरेला अकराशे-साडेअकराशे किलोमीटरवरचा प्रशांत महासागर येतो. तिथल्या सागरी कण्यावरचा भूकंप केंद्राजवळून वीस मिनिटांत इथे पोचतो, पण ते भूकंप सहसा मोठे नसतात. उत्तर-दक्षिण वाट हवी तर एका ध्रुवाकडे भूकंप आणि दुसऱ्या ध्रुवाकडे यंत्र लागतं, आणि ध्रुवांकडे मोठे भूकंप क्वचितच. अंटार्क्टिकाजवळची साउथ सँडविच बेटं ते अलास्का ही त्यातल्या त्यात चांगली जोडी. म्हणून अंतर्गाभ्याच्या फिरण्याबद्दलचे बरेच दावे गेली तीस वर्षं याच एका वाटेवर उभे आहेत.